परसबाग, भाग ४ : जागेवर पेरायचं की रोप करायचं?

घटस्थापना तोंडावर आली आहे. घटाच्या मातीत पेरलेले गहू दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतात, पण असतात पिवळट. उगवायला गव्हाला ओल, ऊब आणि हवा पुरते, कारण पहिल्या काही दिवसांची शिदोरी दाण्यातच असते. ती संपत आली की कोवळा कोंब उजेड शोधत नुसता लांबत जातो. म्हणून कुंडीतलं बी उगवलेलं दिसलं, की त्याच दिवशी ती उन्हात आणा. खिडकीच्या आत चार दिवस राहिलेलं रोप लुळंच होतं.

या आठवड्यात बाजारातून बियाणं आणाल. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो मुळाचा. मुळा आणि गाजर यांचं मूळ हेच आपलं पीक. ते एकदा उपटून दुसरीकडे लावलं, की वाकतं आणि गाजराला फाटे फुटतात. भेंडी, गवार, घेवडा यांनाही मूळ हललेलं मानवत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर तर आहे तिथेच पेरायची. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची मात्र आधी रोपं करावीत. त्यांचं बी बारीक असतं, उगवायला वेळ घेतं, आणि छोट्या जागेत त्यांची निगराणी सोपी जाते. दुधी, कारलं, काकडी मधल्या गटातली. चहाच्या कागदी कपात एकेक बी लावा, दोन खरी पानं आली की मातीच्या गड्ड्यासकट हलवा.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्याहून खोल नको. माठाचं बी तर मोहरीहूनही बारीक. ते मूठभर वाळूत मिसळून फोका आणि वरून मातीचा हलका हात फिरवा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. कारल्याचं कवच टणक, त्याला पूर्ण दिवस द्या. पाकिटातलं बी गुलाबी किंवा लालसर दिसलं, तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा आणि उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका.

कोथिंबीर उगवत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. एक धणा हातावर घेऊन बघा. तो दोन अर्ध्या वाट्या जोडल्यासारखा असतो आणि प्रत्येक वाटीत एक बी असतं. धणे कापडावर पसरून लाटणं अलगद फिरवायचं. दोन फाका झाल्या पाहिजेत, भुगा नाही. मग ते रात्रभर भिजवून पेरा आणि धीर धरा. मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह मलाही अनावर व्हायचा. त्यात कितीतरी कोवळे मोड माझ्याच बोटांनी तुटले.

पाण्याचा अंदाज मुठीने घ्या. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. हाच वाफसा. दाबल्यावर पाणी गळलं, तर पेरणी एक दिवस पुढे ढकला. चिखलात बी गुदमरतं, आणि दाट, सततच्या ओल्या वाफ्यात उगवलेली रोपं जमिनीलगत बुरशीने मऊ पडून एका रात्रीत कोलमडतात. गर्दी झाली असेल, तर कमजोर रोपं कात्रीने कापून काढा. उपटली, तर शेजारच्याची मुळं हलतात.

टोमॅटोचं रोप तीन-चार आठवड्यांत लावणीला येतं, वांग्याचं चार-पाच, मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत. लावणी संध्याकाळी करावी. रोप काढताना मुळांचे बारीक केस तुटतात, पाणी ओढायची ताकद कमी होते आणि पानं मात्र उन्हात पाणी सोडत राहतात. रात्रीचा गारवा त्याला सावरायला वेळ देतो. आधी वाफा भिजवून घ्या आणि रोप पानाला धरून उचला. पान गेलं तर दुसरं येईल, दांडा चेंगरला तर रोपच जातं. टोमॅटो खालची पानं काढून पहिल्यापेक्षा खोल लावा, कारण पुरलेल्या दांड्यालाही मुळं फुटतात. वांगं-मिरची मात्र आधी होती तेवढीच खोल. पुढचे दोन-तीन दिवस दुपारी एखाद्या करंडीची सावली धरा. सकाळी पानं ताठ दिसली, की करंडी काढून टाका.