औद्योगिक ओव्हरलॉक यंत्रातील कापड सरकण्याचे दोष : कारणे व तपासणीचा क्रम

बीजशब्द : ओव्हरलॉक, दाते, डिफरन्शियल फीड, फूटचा दाब, होजिअरी

प्रस्तावना

कापडाची कड कापणे आणि त्याच वेळी ती धाग्यांनी बांधून टाकणे ही दोन्ही कामे ओव्हरलॉक यंत्र एकाच फेऱ्यात करते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मेरो कुटुंबाच्या कारखान्यात विकसित झालेल्या या यंत्राला १८८९ मध्ये पेटंट मिळाले. आज तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांत आणि सोलापूरच्या गणवेश-निर्मितीत त्याच्याशिवाय काम चालत नाही. महाराष्ट्रातील लेडीज टेलर त्याच्या शिलाईला सर्रास ‘इंटरलॉक’ म्हणतात. औद्योगिक परिभाषेत इंटरलॉक हे वेगळे यंत्र आहे. परंतु रूढ झालेला शब्द सहसा मागे हटत नाही.

या यंत्रावर काम करणाऱ्या अनेक कारागिरांना नगावर मजुरी मिळते. कापड अडकले, लाटेसारखे फुगले किंवा एक थर मागे राहिला की नग उसवावा लागतो. ओव्हरलॉकच्या बाबतीत तर कड कापली गेलेली असल्याने उसवूनही मूळ माप परत मिळत नाही. म्हणून दोषाचे नेमके निदान हा मजुरीशी थेट निगडित असा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या निदानाच्या क्रमाचे विवेचन केले आहे.

कापड पुढे कसे जाते?

फूट कापडाला वरून दाबून धरतो आणि निडल प्लेटच्या फटींतून वर येणारे दाते त्याला मागच्या दिशेने ढकलतात. दाते वर येतात, मागे सरकतात, खाली जातात आणि प्लेटखालून पुन्हा पुढे येतात. यंत्र मिनिटाला ६,००० टाके या वेगाने चालत असेल तर ही संपूर्ण क्रिया सेकंदाला १०० वेळा घडते. टाका २.५ मिलिमीटरचा असल्यास सेकंदाला २५ सेंटिमीटर कापड पुढे जाते. एवढ्या वेगात दात्यांमध्ये अडकलेला कापसाचा बारीक पुंजकाही परिणाम घडवतो, यात नवल नाही.

ओव्हरलॉकमध्ये दात्यांचे दोन संच असतात. सुईच्या मागील संच मुख्य असून पुढील संचाची चाल स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते. यालाच डिफरन्शियल फीड म्हणतात.

दाबाच्या स्क्रूविषयीचा गैरसमज

कापड सरकत नाही अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिला हात फूटच्या दाबाच्या स्क्रूकडे जातो. दाब खरोखरच कमी असेल तर हा उपाय योग्य आहे. वेगात फूट उसळू लागतो आणि टाके लहान-मोठे पडतात, ही कमी दाबाची खूण होय. मात्र अन्य कारण असताना दाब वाढवला तर मूळ दोष झाकला जातो व त्यावर नवा दोष येऊन बसतो. होजिअरीचे कापड फूटखाली ताणले जाते, वरचा थर मागे राहतो, नाजूक कापडावर दात्यांच्या खुणा उमटतात. कारागीर मग मागून कापड ओढू लागतो. त्याने सुई वाकते आणि तुटते. म्हणून दाबाचा स्क्रू तपासणीच्या शेवटाकडे यावा, आरंभी नव्हे.

तपासणीचा क्रम

प्रथम यंत्राचा स्विच बंद करावा. क्लच मोटार असल्यास स्विच बंद केल्यावरही ती काही काळ फिरत राहते आणि पॅडलला चुकून पाय लागला तर यंत्र चालते. ती पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत चाकूजवळ हात नेऊ नये.

त्यानंतर सर्व धागे काढून टाकावेत आणि हातचाक फिरवून कापडाचा तुकडा चालवून पाहावा. ही साधी चाचणी फारच उपयुक्त आहे. धाग्यांशिवाय कापड सुरळीत सरकत असेल तर दाते निर्दोष असण्याची शक्यता मोठी असते आणि दोष टाक्याच्या बाजूला शोधावा लागतो. ओव्हरलॉकचा टाका प्लेटवरील एका बारीक जिभेभोवती विणला जातो व तिच्यावरून मागे निसटतो. धागे फार घट्ट असले, जीभ खरखरीत किंवा वाकलेली असली, अथवा तिच्यावर तुटके धागे गुंडाळले गेले असले तर टाका निसटत नाही आणि कापड तेथेच थबकते. अशा वेळी दात्यांना कितीही हात लावला तरी उपयोग होत नाही.

धाग्यांशिवायही कापड अडत असेल तर चाकू पाहावेत. बोथट चाकू कापड कापण्याऐवजी चावतो; कड दुमडते आणि पुढची वाट अडवते. खालच्या चाकूची धार निडल प्लेटच्या पृष्ठभागाशी समपातळीत असावी लागते. ती वर आली असेल तर कापड तिच्यावर अडखळते.

चाकू ठीक असल्यास निडल प्लेट काढून दात्यांमधील व प्लेटखालील कचरा ब्रशने साफ करावा. होजिअरीच्या कामात तेल व कापसाचे तंतू मिळून प्लेटखाली नमद्यासारखा थर जमतो आणि दात्यांना पूर्ण खोलीपर्यंत खाली जाऊ देत नाही. याच वेळी दात्यांचे स्क्रू ढिले आहेत काय, टोके झिजली आहेत काय, हे पाहावे. फूटखाली पातळ कागद ठेवून हातचाक फिरवल्यास दात्यांच्या खुणा उमटतात. त्या एकाच बाजूला ठळक असतील तर फूट वाकडा बसला आहे किंवा दाते तिरपे आहेत, असे समजावे.

कापड सरकते, परंतु बिघडते

कापड अडत नाही, पण शिलाई लाटेसारखी फुगते किंवा चुण्या पडतात, तेव्हा दोन्ही संचांचे प्रमाण तपासावे. दोन्हींची चाल सारखी असता प्रमाण १ असते. ताणल्या जाणाऱ्या कापडावर लाट येत असेल तर पुढील संचाची चाल वाढवून प्रमाण १ च्या वर, साधारणपणे १.३ ते १.५ पर्यंत न्यावे. पातळ रेशमी कापडावर चुण्या पडत असतील तर ते ०.७ ते ०.८ पर्यंत खाली आणावे. एक दक्षता मात्र आवश्यक आहे : टाक्याची लांबी आणि हे प्रमाण एकाच वेळी फार वाढवल्यास दाते प्लेटच्या फटीच्या टोकाला आदळतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर हातचाक एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे.

दोन थर पुढे-मागे होत असतील तर त्याच कापडाच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन समान पट्ट्या न ओढता शिवाव्यात. शेवटी वरची पट्टी पुढे उरली, तर दाते खालचा थर नेत असून फूट वरचा थर अडवीत आहे, हे उघड होते. येथे फूटचा तळ गुळगुळीत करणे आणि दाब कमी करणे हाच उपाय होय. दाब वाढवण्याची सवय येथे सर्वाधिक नुकसान करते.

दुरुस्तीनंतरची चाचणी पूर्ण वेगात घेणे अपरिहार्य आहे. फूटची उसळी हातचाकावर दिसत नाही. ती नेहमीच्या वेगाने चार-पाच पट्ट्या शिवून प्रत्येकीवरील २५ मिलिमीटर अंतरातील टाके मोजले की लक्षात येते. २.५ मिलिमीटरच्या टाक्याला ते १० भरले पाहिजेत.