उमेदवाराची स्थलांतरावरची भूमिका: भाषण सोडा, रेकॉर्ड उघडा

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा वाचायचा अवतार. आजचा विषय: एखादा उमेदवार स्थलांतराबद्दल नेमकं काय मानतो, हे सरकारी नोंदींमधून कसं शोधायचं? तेही मोबाईलवर, एक रुपया न घालवता.

निवडणूक आली की आपल्या शहरात ‘बांगलादेशी’, ‘घुसखोर’, ‘परप्रांतीय’ हे शब्द एकाच दमात ऐकू येतात. सभा संपते, उमेदवार गाडीत बसून निघून जातो. शब्द मात्र मागे राहतो. तो वाळूजच्या कंपनीत राबणाऱ्या बिहारच्या पोराला चिकटतो, नाहीतर इथेच जन्मलेल्या एखाद्या भंगारवाल्याला. म्हणून कोण काय बोललं यापेक्षा कुणी काय केलं, हे तपासायची सवय लावून घेऊ.

आधी विचारा: कुठलं स्थलांतर?

मराठवाड्याला हा शब्द नवीन नाही. आपल्याकडची माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात, तेही स्थलांतरच. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून शेंद्र्याला कामाला येणं हे आंतरराज्य स्थलांतर. भारतात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलाय. परदेशातून येणं ही तिसरी गोष्ट.

नागरिकत्व, व्हिसा, देशात प्रवेश, देशाबाहेर काढणं हे सगळे विषय केंद्र सूचीत आहेत, नोंद १७ आणि १९. म्हणजे यावर कायदा फक्त संसद करते. परकीय नागरिक ओळखणं, ताब्यात घेणं अशी अंमलबजावणीची कामं केंद्राने राज्यांकडे सोपवली आहेत. महापालिकेचा उमेदवार ‘मी घुसखोरांना देशाबाहेर काढीन’ म्हणाला, तर पहिला प्रश्न एवढाच: कुठल्या अधिकारात, भाऊ?

आपलंच उदाहरण घेऊ

२०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे तीन मोठी नावं होती. शिवसेनेचे संदिपान भुमरे, एमआयएमचे इम्तियाज जलील आणि ठाकरे गटाचे चंद्रकांत खैरे. भुमरे निवडून आले.

आता नागरिकत्व सुधारणा विधेयक आठवा. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत त्यावर चर्चा झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास ३११ विरुद्ध ८० मतांनी ते मंजूर झालं. तेव्हा या तिघांपैकी लोकसभेत कोण होतं? फक्त जलील. खैरे २० वर्षं खासदार होते, पण त्याच वर्षी जलील यांच्याकडून ४,४९२ मतांनी हरले होते. भुमरे पैठणचे आमदार होते.

म्हणजे ‘सीएएवर तिघांनी काय मत दिलं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. दोघांना मत द्यायची संधीच नव्हती. कुणी फॉरवर्डमध्ये तिघांची ‘मतं’ पाठवली, तर ती बनावट आहेत हे एका मिनिटात कळतं.

मत कुठे सापडतं?

संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभेचं कामकाज तारखेनुसार मिळतं. मतविभागणी झाली असेल तर बाजूने कोण, विरोधात कोण, अशी नावांची यादी छापलेली असते. यंत्राऐवजी चिठ्ठीने मत दिलं किंवा दुरुस्त केलं, तर तीही नोंद असते. पक्षाचा विरोध जगजाहीर असला तरी खासदाराचं मत गृहीत धरायचं नाही. त्या दिवशी हजर होते का, यादीत नाव आहे का, हे बघायचं.

पण इथे दोन खड्डे आहेत.

पहिला, व्हिप. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतावरून पक्ष कळतो, माणूस कळेलच असं नाही. पक्षही फिरतो. शिवसेनेने ९ डिसेंबरला लोकसभेत विधेयकाच्या बाजूने मत दिलं आणि ११ डिसेंबरला राज्यसभेत सभात्याग केला. दोन दिवसांत दोन भूमिका, आणि दोन्ही रेकॉर्डवर!

दुसरा, आवाजी मतदान. २०२५ चा परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा घ्या. त्याने १९४६ च्या फॉरेनर्स अ‍ॅक्टसह चार जुने कायदे बाद केले. लोकसभेत तो २७ मार्च २०२५ ला आवाजी मतदानाने मंजूर झाला. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, विषय संपला. नावांची यादी तयारच होत नाही. भुमरे तेव्हा खासदार होते, पण त्यांचं मत शोधायला गेलात तर यादी सापडणार नाही. इतर कुठल्याही खासदाराचीही नाही.

मग माणूस कुठे दिसतो?

प्रश्नांमध्ये. तारांकित आणि अतारांकित प्रश्न खासदार स्वतःच्या नावाने विचारतात. संसद डॉट इनवर सदस्याचं नाव टाका, संबंधित मंत्रालय निवडा आणि यादी वाचा. सीमेवरच्या घुसखोरीबद्दल विचारलंय की परदेशात अडकलेल्या कामगारांबद्दल? सभेत रोज ‘घुसखोर’ म्हणणाऱ्याने पाच वर्षांत त्यावर एकही प्रश्न विचारला नसेल, तर तीही माहितीच आहे. फक्त एक सावधगिरी: मंत्री असे प्रश्न विचारत नाहीत. भुमरे राज्यात मंत्री होते, त्यामुळे त्या काळातल्या कोऱ्या पाटीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

प्रतिज्ञापत्राचं काय?

अर्जासोबतच्या फॉर्म २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती असते. भूमिका नसते. तरी गुन्ह्यांचा तक्ता वाचा. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं कलम, म्हणजे जुनं १५३अ किंवा आताच्या न्याय संहितेचं १९६, दिसलं तर ते कुठलं भाषण होतं हे शोधता येतं. आणि लक्षात ठेवा, गुन्हा दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे.

सर्च करताना

शहराचं नाव बदललं, तरी मतदारसंघाचं नाव नोंदींमध्ये अजून औरंगाबादच आहे. नवीन नाव टाकलं तर हाती काही लागणार नाही. जुनं टाकलं तर बिहारचाही औरंगाबाद मतदारसंघ समोर येईल! आधी राज्य महाराष्ट्र निवडा, मगच पुढे जा.

शेवटी आपली पद्धत एकच: तारीख, सभागृह आणि नोंदीत जे लिहिलंय ते, एवढंच लिहायचं. नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ असंच लिहायचं, ती जागा आपल्या मनाने भरायची नाही. आपण अंदाजाने उमेदवाराला लेबल लावणार असू, तर शेंद्र्याच्या कामगाराला अंदाजाने ‘घुसखोर’ म्हणणाऱ्याला आपण कुठल्या तोंडाने थांबवणार?

घरातल्या ग्रुपवर पुढचा फॉरवर्ड आला की हे करून बघा आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!