मालकाच्या गैरहजेरीत रोपे

वैशाखाच्या सुटीत गावी जायचे ठरले, की दूध आणि वर्तमानपत्र बंद ठेवण्याची व्यवस्था अगदी बिनचूक लागते. परंतु गच्चीवर नुकतीच चार पानांवर आलेली मिरचीची, वांग्याची, टोमॅटोची जी रोपे असतात, त्यांचा बंदोबस्त मात्र निघण्याच्या घाईत, कुंडीत दोन तांबे पाणी जास्त ओतून उरकला जातो. जून झाड काही दिवसांची उपेक्षा सोसते, कारण त्याची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. कोवळ्या रोपाचा सारा संसार मातीच्या वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात असतो, आणि नागपूर-जळगावच्या 40 अंशांवरील उन्हात नेमका तोच थर एका दुपारीत कोरडा पडतो. जास्तीचे पाणी तळाच्या भोकातून वाहून जाते; निचरा नसेल तर ते मुळांभोवतीची हवा हिरावून घेते, आणि त्या साचलेल्या ओलीत बुरशी बळावून खोड मातीलगत मऊ पडते व रोप कोलमडते. शेतकरी ज्याला 'मर' म्हणतात, ती हीच.

म्हणून पाण्याच्या पुरवठ्याआधी पाण्याचा खर्च आटोक्यात आणावा, असे माझे निश्चित मत आहे. कुंड्या भिंतीच्या पूर्वेस किंवा उत्तरेस, दुपारच्या उन्हापासून दूर, एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मातीवर वाळक्या पानांचे किंवा नारळाच्या काथ्याचे आच्छादन घालावे, मात्र खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी. आणि निघण्यापूर्वीच्या आठवड्यात खत मुळीच घालू नये, कारण नवी पालवी फुटली की तहान वाढते.

पुरवठ्यासाठी सुती वातीसारखे विश्वासू साधन नाही. जुन्या, अनेकदा धुतलेल्या धोतराची पट्टी पिळून तिची बोटाएवढी जाड वात करावी. कोरे कापड घेऊ नये, कारण त्यातील खळ पाणी शोषू देत नाही. भरलेली बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंचावर ठेवून वातीचे एक टोक, खडा बांधून, तिच्या तळाशी सोडावे, आणि संपूर्ण वात आधी भिजवून दुसरे टोक मुळांजवळ दोन बोटे खोल पुरावे. म्हणजे केशाकर्षणाने तंतूंमधून चढलेले पाणी बादलीच्या काठावरून मातीत संथपणे उतरत राहते. बादलीचे तोंड कापडाने घट्ट बांधावे. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात. ही योजना प्रवासापूर्वी चार दिवस घरी असतानाच चालवून पाहावी, आणि माती चिखलासारखी झाली तर वात बारीक करावी. पिंडीवरील गळतीप्रमाणे भोकाचे मडके टांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण ते फार लवकर रिकामे होते.

ट्रेमधील अगदी लहान रोपांसाठी निराळा उपाय आहे, आणि त्याचा इतिहास मोठा मनोहर आहे. लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड या वैद्याने 1829 साली पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला असता तीत नेचा व गवत उगवले. बाष्प काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते, हे ओळखून त्याने काचेच्या पेट्या बनवल्या आणि 1833 साली त्यांतून जिवंत रोपे समुद्रमार्गे सिडनीला धाडली. पुढे चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली, तीही अशाच पेट्यांतून. आपल्या ट्रेवर काड्या रोवून पारदर्शक पॉलिथीन ओढले की तेच कार्य साधते. मात्र ट्रे सावलीतच हवा, नाहीतर उन्हात आतील रोपे शिजतात.

शेजारच्या काकूंवर काम सोपवायचे असेल, तर 'जरा पाणी घाला हं' एवढ्यावर भागवू नये. किती पेले, कोणत्या वेळी, आणि माती बोटाला ओली लागल्यास मुळीच नाही, हा तपशील चिठ्ठीवर लिहून कुंडीपाशीच ठेवावा. मायेपोटी रोपे बुडवली जातात, ती या तपशिलाच्या अभावी.

परत आल्यावर रोपे सुकलेली दिसली, तरी त्यांना लगेच उन्हात नेऊ नये. मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेला असतो व वरून ओतलेले पाणी त्या फटीतून निसटते. यास्तव कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत अर्धा तास ठेवून तळातून भिजू द्यावी, दोन दिवस सावलीत विसावू द्यावी, आणि मग प्रथम सकाळच्याच उन्हाची सवय लावावी.