उपासनेचे अंतरंग – लेखांक सहावा : भक्ताचे मागणे

हिंदू उपासनेत प्रार्थनेचे प्रयोजन कोणते, याचा विचार बहुधा सकाम आणि निष्काम या विभागणीपासून सुरू होतो. हेतू मनात धरून केलेली प्रार्थना सकाम, फलाची अपेक्षा न ठेवता केलेली निष्काम, आणि यांपैकी पहिली हलकी, असे सहज मानले जाते. भगवद्गीतेची भूमिका याहून उदार आहे. तिच्या सातव्या अध्यायात आर्त म्हणजे संकटाने पीडलेला, जिज्ञासू म्हणजे जाणून घेऊ इच्छिणारा, अर्थार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले असून, ज्ञानी भक्ताला भगवंतांनी आपला आत्माच म्हटले असले, तरी उरलेल्या तिघांनाही त्यांनी पुण्यवान आणि उदार ठरवले आहे. आजारी लेकरासाठी देवापुढे पदर पसरणारी आई या दृष्टीने भक्तच होय.

भागवताच्या सातव्या स्कंधातील प्रल्हादाचे उत्तर वरवर याच्या विरुद्ध दिसते. नृसिंहाने वर मागण्यास सांगितले असता, धन्याकडून लाभाची आशा धरणारा सेवक हा सेवक नसून व्यापारी होय, असे तो म्हणतो आणि वर द्यायचाच असेल तर हृदयात कामनेचा अंकुर फुटू नये एवढाच द्यावा, अशी विनंती करतो. कथेचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि खरे मर्म तिथेच आहे : ज्याने त्याचा अतोनात छळ केला, त्या हिरण्यकशिपूची पापातून सुटका व्हावी, असे मागणे प्रल्हाद त्यानंतर आपण होऊन मागतो. स्वतःची कामना नको म्हणणाऱ्यालाही मागणे सोडावेसे वाटत नाही. ते केवळ दुसऱ्यासाठी होते.

मराठीत या वृत्तीचे सर्वांत थोर रूप म्हणजे पसायदान, अर्थात प्रसादाचे दान. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि ग्रंथरूपी वाग्यज्ञाने, म्हणजे वाणीने केलेल्या यज्ञाने, संतुष्ट झालेल्या विश्वात्मक देवाकडे ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी 9 ओव्यांत हे दान मागितले. त्यातील मागण्यांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. दुष्टांचा नाश व्हावा असे तिथे म्हटलेले नाही, त्यांचे वाकडेपण जावे असे म्हटले आहे. मग त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, प्राणिमात्रांत जिवाभावाचे मैत्र जडावे, पापाचा अंधार सरावा, आणि त्यानंतरच ज्याला जे हवे ते मिळो, असे मागणे येते. हा क्रम उलटला असता, तर वाकड्या मनाच्या इच्छाही पुरवाव्या लागल्या असत्या. इच्छेला नकार न देता, ती पुरवण्याआधी ती धरणारे मन सरळ व्हावे, हे प्रार्थनेचे प्रयोजन इथे स्पष्ट होते, आणि गीतेतील अर्थार्थी भक्तालाही त्यात जागा मिळते.

अखेरच्या ओवीत या दानाला होकार देणारे विश्वेश्वर म्हणजे गुरू निवृत्तीनाथ की प्रत्यक्ष परमेश्वर, याविषयी दोन्ही अर्थ केले जातात. अर्थ कोणताही घेतला, तरी होकार सर्वांसाठी केलेल्या मागण्याला मिळतो, आणि मागणाऱ्या ज्ञानदेवांच्या वाट्याला त्या होकाराने झालेले सुख तेवढे येते.