लिथियम : धातूचे गुणधर्म आणि रक्ततपासणीचे महत्त्व

आमच्या मानसोपचार विभागात लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात, "रुग्ण आता बरा आहे, मग वारंवार रक्त कशासाठी तपासायचे?" या प्रश्नाचे उत्तर लिथियमच्या गुणधर्मांतच दडलेले आहे.

लिथियम हा सर्वांत हलका धातू असून त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी आहे. तो चाकूने कापता येण्याइतका मऊ असतो. पाण्याशी त्याचा संयोग झाल्यास हायड्रोजन वायू बाहेर पडतो. १८१७ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आर्फवेडसन यांनी एका खनिजात त्याचा शोध लावला. ग्रीक भाषेतील 'लिथोस' म्हणजे दगड. त्यावरून हे नाव पडले.

औषधात मात्र शुद्ध धातू नसतो, तर लिथियम कार्बोनेट हा त्याचा स्थिर क्षार असतो. उन्मादावस्थेतील रुग्णांना त्याचा गुण येतो, हे ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारात हे औषध आजही महत्त्वाचे मानले जाते.

रासायनिकदृष्ट्या लिथियम हे मिठातील सोडियमचे जवळचे भावंड आहे. त्यामुळे मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही रक्तात परत शोषून घेते. जुलाब, उलट्या, उन्हाळ्यातील अतिघाम, कडक उपवास किंवा अचानक मीठ सोडणे यांमुळे शरीरातील मीठ-पाणी घटले, की मूत्रपिंड दोन्ही राखून ठेवते आणि गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातील लिथियम वाढते. सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ही पातळी उपयुक्त असते, १.५ च्या वर विषबाधेचा धोका संभवतो. औषध आणि विष यांतील अंतर इतके थोडे आहे.

म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावे. मूत्रपिंड व थायरॉइडची तपासणीही ठरल्या वेळी करून घ्यावी. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. हातांची थरथर वाढणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे किंवा गुंगी येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. आजार उलटण्याची भीती असते.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही, उपचार चालू असेपर्यंत ती करावी लागते. गरजू रुग्णाची तपासणी पैशांअभावी चुकू नये, यासाठी देणगीदारांचा हातभार आम्हांस मोलाचा वाटतो.