टॉवरच्या लहरींनी अंग 'शिजतं' का? फ्रिक्वेन्सीचा हिशोब समजून घ्या

हिंगोली : गावात मोबाईल टॉवर येणार म्हटलं की ग्रामसभेत दोन गट पडतात. एक म्हणतो, "औंढ्याकडच्या डोंगरात रेंजच नाही, टॉवर पाहिजेच." दुसरा म्हणतो, "लहरींनी माणूस आतून शिजतो, नको बाबा." दुसऱ्या गटाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. रेडिओ लहरींनी शरीर तापतं, हे खरंच आहे. प्रश्न आहे तो किती तापतं आणि कुठं तापतं याचा.

उष्णता येते कुठून?

आपल्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूची एक बाजू धन, एक ऋण. लहर आली की रेणू तिच्या दिशेनं वळायला बघतो, तेवढ्यात लहर उलटी फिरते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये हे सेकंदाला 245 कोटी वेळा होतं. या ओढाताणीत रेणू एकमेकांना घासतात आणि ऊब तयार होते. कमी फ्रिक्वेन्सीला हेच काम अंगातल्या क्षारांचे कण करतात.

एक्स-रे सारखी पेशींमधले रासायनिक बंध तोडायची ताकद या लहरींत नसते.

फ्रिक्वेन्सी बदलली की खोली बदलते

सर्वसाधारण नियम असा : फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी लहर कमी खोल जाते.

• सुमारे 5 लाख हर्ट्झ : यकृतातली छोटी गाठ जाळायला डॉक्टर सुई घालून याच लहरींचा प्रवाह सोडतात. सुईच्या टोकाजवळचा भाग 60 अंशांच्या वर तापतो.

• 27.12 मेगाहर्ट्झ : फिजिओथेरपीत कंबर-गुडघ्याला देतात तो मशीनचा शेक. ऊब कातडीखाली काही सेंटिमीटर, स्नायूपर्यंत जाते.

• 30 ते 300 मेगाहर्ट्झ : इथं लहरीची निम्मी लांबी माणसाच्या उंचीच्या आसपास येते. त्यामुळे अख्खं शरीर अँटेनासारखं लहर ओढून घेतं. म्हणून सुरक्षेची मर्यादा याच पट्ट्यात सगळ्यात कडक असते. परभणी आकाशवाणी आपण वर्षानुवर्षे ज्या मध्यम लहरींवर ऐकली, त्यांची लांबी शेकडो मीटर. त्या लहरी शरीर फारशा पकडतच नाही.

• 700 ते 3600 मेगाहर्ट्झ : आपले मोबाईल. लहर दोन-चार सेंटिमीटरमध्ये विरत जाते.

• 26 गिगाहर्ट्झ : 5जीचा वरचा पट्टा. ही लहर कातडीतच, एक मिलिमीटरच्या आत संपते.

मग टॉवरची भीती किती?

ओव्हन बंद डब्यात सात-आठशे वॅट ओततो. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट सोडतो. टॉवरची ताकद फोनपेक्षा बरीच जास्त, पण अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते.

सगळ्या अंगात किलोमागे 4 वॅट शोषले गेले तर तापमान साधारण एक अंश वाढतं. सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा याच्या पन्नासावा भाग, म्हणजे 0.08 वॅट. भारतानं 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्याही एक दशांश केली. 900 मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे 0.45 वॅट आहे. दुपारचं ऊन तेवढ्याच जागेवर सुमारे हजार वॅट टाकतं.

उलट टॉवर लांब असला, रेंज एकच दांडी असली, की फोन पूर्ण जोर लावतो, आणि तो तर कानालाच चिकटलेला असतो. टॉवर जवळ असला की फोन हळू आवाजात बोलतो.

शंका पूर्ण मिटलेली आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवलं. याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, अभ्यास चालू ठेवायला हवा.

हे लक्षात ठेवा

• पेसमेकर बसवलेला असेल, हाडात रॉड-प्लेट असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मशीनचा शेक घेण्याआधी ते सांगाच. धातूजवळ उष्णता एकवटते आणि आतून भाजू शकतं.

• रेंज कमी असताना लांबलचक बोलणं टाळा. स्पीकर किंवा इयरफोन लावा. फोन कानापासून वीतभर दूर गेला तरी मोठा फरक पडतो.

• फोनवर *#07# दाबा. बहुतेक फोनवर 'सार' आकडा दिसतो. भारतात तो किलोमागे 1.6 वॅटच्या आत असावा लागतो.

• चालू टॉवरच्या अँटेनासमोर, अगदी जवळ चढू नका. मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता असते ती तिथंच.

• गावातल्या टॉवरबद्दल शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर माहिती बघा. शुल्क भरून मोजणीही मागता येते. ग्रामसभेत वाद घालण्याआधी मोजणीचा आकडा हातात असलेला बरा.