चमचाभर म्हणजे नेमके किती?

अमळनेरचे तेलाशी जुने नाते आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना याच गावात उभा राहिला. तीच कंपनी आज ‘विप्रो’ म्हणून ओळखली जाते. आजही किराणा दुकानात गिऱ्हाईक ‘एक किलो तेल’ मागते आणि दुकानदार एक लिटरची पिशवी पुढे करतो. पिशवीवर वजन छापलेले असते : ९१० ग्रॅम. म्हणजे किलोला ९० ग्रॅम कमीच.

यात दुकानदाराची लबाडी नाही. लिटर हे आकारमानाचे माप, किलो हे वजनाचे. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो भरते, म्हणून आपण दोन्ही मापे सारखीच समजतो. पण तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि मध जड. लिटरभर मधाचे वजन सुमारे १ किलो ४०० ग्रॅम भरते.

तेलातली ही गफलत स्वयंपाकघरापुरती राहते. औषधात मात्र ती लेकराच्या जिवावर बेतू शकते.

मुलाला ताप आला की घरातली आजी सांगते, ‘चमचाभर दी दे.’ पण औषधाचा डोस ठरतो तो मिलिग्रॅममध्ये, म्हणजे वजनात. आणि आपण पातळ औषध मोजतो मिलिलिटरमध्ये. या दोहोंचा हिशेब तेला-पाण्यासारखा औषधाच्या हलके-जडपणावरून करायचा नसतो. एका मिलिलिटरमध्ये मूळ औषध किती विरघळवले किंवा मिसळले आहे, त्यावर तो अवलंबून असतो. हा आकडा बाटलीवर छापलेला असतो.

तापावरच्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. लहान मुलांना एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम डोस देतात. समजा, १० किलो वजनाच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितले. ‘५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम’ असे लिहिलेले सिरप असेल, तर ६ मिली द्यावे लागेल. ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल, तर ३ मिली पुरे. आणि ‘१ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम’ असलेले ड्रॉप्स असतील, तर फक्त दीड मिली. औषध एकच, मूल एकच, डोसही एकच. मापे मात्र तीन.

आता चूक कशी होते ते पाहा. मागच्या वेळी सिरप ६ मिली दिले होते, हे आईच्या लक्षात असते. या वेळी घरात ड्रॉप्सची बाटली असते. तिच्यातूनही ६ मिली दिले, तर मुलाच्या पोटात १५० ऐवजी ६०० मिलिग्रॅम औषध जाते. म्हणजे चौपट! दिवसातून तीन-चार वेळा असे झाले, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. बाटली ड्रॉप्सची, म्हणजे छोटी. म्हणून औषध सौम्य असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत तीव्र असते.

यात भर पडते घरच्या चमच्याची. औषधाचा छोटा चमचा म्हणजे ५ मिली. पण घरातल्या एका चमच्यात ३ मिली मावते, तर दुसऱ्यात ७. त्यामुळे बाटलीसोबत आलेली मापाची टोपी किंवा ड्रॉपरच वापरावा. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधाला लावू नये. तान्ह्या बाळासाठी बिनसुईची सिरिंज सर्वांत अचूक. बाटली आधी नीट हलवावी आणि माप डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे.

औषध घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे : ‘या बाटलीतून किती मिली द्यायचे?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. बाटली बदलली की पुन्हा विचारावे. शेजारच्या मुलाची उरलेली बाटली आणि तिचे माप आपल्या मुलाला लावू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी औषध देत बसण्यापेक्षा लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आणि डोस जास्त गेल्याचे लक्षात आले, तर मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. पॅरासिटामॉलने यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी बाहेरून दिसतही नाही. मात्र वेळेत पोहोचल्यास तिच्यावर उतारा आहे. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि सोबत ती बाटलीही न्यावी. डॉक्टरांना सर्वांत आधी तिच्यावरचा आकडाच पाहायचा असतो.